मामाची कबर शिवडीला आहे, पण नेमकी कुठे?

या खेपेला आलेल्या पत्रांमध्ये चार पत्रं एकाच विषयावरची निघाली, आपलं माणूस मुंबईत नेमकं कुठे पुरलंय ते शोधायचं कसं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज फक्त हेच.

प्रश्न: ताई नमस्कार. माझी आई मूळची भायखळ्याची, ईस्ट इंडियन कॅथलिक. बाबा हिंदू, रेल्वेत होते. लग्नाला दोन्ही घरांचा विरोध होता त्यामुळे आईचं माहेर तुटल्यातच जमा, फक्त धाकटा मामा गुपचूप पत्र पाठवायचा. तो २९ व्या वर्षी केईएममध्ये गेला, पोटाचं ऑपरेशन झालं होतं. आम्ही तेव्हा भुसावळला राहायचो. तार आली पण आईला निघताच आलं नाही, कारण रेल्वेचा संप चालू होता, गाड्या बंद आणि बाबा स्वतः संपात. शिवडीला पुरलं एवढंच तिला नंतर कोणीतरी सांगितलं. आई आता ८२ ची आहे आणि एकच म्हणते, मला एकदा त्याच्याजवळ मेणबत्ती लावू दे. मी दोनदा शिवडीला जाऊन आले, दगड वाचत वाचत सगळीकडे फिरले, मामाचं नाव दिसलं नाही. तारीखच माहीत नाही त्यामुळे कोणाला काय विचारायचं तेही कळेना.
– एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तारीख माहीत नाही असं तुम्ही लिहिलंय, पण तारीख तुमच्या पत्रातच आहे! रेल्वेचा तो देशभराचा संप १९७४ सालचा, जॉर्ज फर्नांडिस पुढारी होते, ८ मेला सुरू झाला आणि २७ मेला मागे घेतला. म्हणजे तुमचा मामा त्या वीस दिवसांतच गेला. धरपकड वगैरे आधीच सुरू झाली होती आणि गाड्या रुळावर यायलाही वेळ लागला असणार म्हणून मी तुमच्या जागी असते तर १ मे ते ३१ मे असा अख्खा महिना धरला असता. आईने पन्नास वर्षं जी गोष्ट मनाला लावून घेतली, की मी जाऊ शकले नाही, तीच आता तुम्हाला त्याच्यापर्यंत नेणार आहे, हे तिला जरूर सांगा.

तारखेवर माझा एवढा जोर का, तर कुठल्याही सिमेट्रीचं रजिस्टर हे नावाने लावलेलं नसतं, दिवसाने लावलेलं असतं. आज कोण आलं, उद्या कोण आलं, एकाखाली एक, नाव, वय, पत्ता आणि कबरीचा नंबर. शिवडीची सिमेट्री १८६० च्या दशकातली, आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर होते तेव्हाची, म्हणजे दीडशे वर्षांच्या वर नोंदी. त्यात नुसतं नाव घेऊन शोधायचं म्हटलं तर कोणाच्याच हाताला काही लागणार नाही, आणि तेच मे १९७४ ची पानं काढा म्हटलं की काम तासाभराचं.

पण शिवडीला तिसऱ्यांदा जायच्या आधी दोन ठिकाणी जा. एक म्हणजे महापालिकेचा वॉर्ड. मृत्यूची नोंद माणूस राहायचा तिथे होत नाही, जिथे गेला तिथे होते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग चुकीच्या वॉर्डात चकरा होतात. मामा भायखळ्याचा म्हणून तुम्ही ई वॉर्डात जाल, पण केईएम परळला आहे, ते एफ साउथमध्ये येतं. तिथल्या आरोग्य खात्यात १९७४ मेच्या नोंदीत शोध घ्या म्हणून अर्ज द्यायचा. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आहे, त्याच्या कलम १७ प्रमाणे कोणीही फी भरून रजिस्टरमध्ये शोध घ्यायला सांगू शकतं आणि मृत्यूच्या नोंदीचा उतारा मागू शकतं, फक्त मृत्यूचं कारण त्यात देत नाहीत. तुम्ही तर सख्खी भाची. दाखल्यावर कुठे पुरलं ते लिहिलेलं नसतं त्यामुळे तो बघून निराश होऊ नका, आपल्याला त्यातून नक्की दिवस आणि नाव कसं लिहिलंय तेवढंच पाहिजे.

नावाचं म्हणाल तर ते आधीच घरी बसून कागदावर लिहून काढा. घरी पेद्रू म्हणत असतील तर रजिस्टरमध्ये पीटर असणार. आडनावाचं पण तसंच, डिमेलो, डीमेलो, दमेलो, लिहिणाऱ्याने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत उतरवलेलं असतं, आणि त्या घाईत घरचे रडत असतात, स्पेलिंग कोण बघतंय. बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव आईला विचारा, तिला ते नक्की पाठ असेल.

दुसरी जागा म्हणजे त्यांची पॅरिश, म्हणजे ते घर ज्या चर्चला जोडलेलं होतं ते. भायखळ्याचे म्हणजे बहुतेक ग्लोरिया चर्च, तरी आईला विचारून खात्री करा. कॅथलिक चर्चच्या नियमात बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू अशी तीन रजिस्टरं प्रत्येक पॅरिशने ठेवायचीच असतात आणि दफनानंतर मृत्यूच्या रजिस्टरमध्ये नोंद करायची असते. ऑफिसच्या वेळेत जा, रविवारी मिस्सा संपल्यावर फादरना गाठू नका, तेव्हा त्यांच्याभोवती पन्नास माणसं असतात. आईच्या बाप्तिस्म्याची नोंद पण तिथेच असणार, ती काढली की भाऊ-बहीण असल्याचा पुरावा तुमच्या हातात येतो, शिवाय फादरनी दोन ओळींची चिठ्ठी दिली तर सिमेट्रीत पुढचं काम सोपं होतं. आईला माहेरच्या चर्चमध्ये परत पाऊल टाकायला अवघड वाटेल कदाचित. तिला सोबत न्यायचं की आधी एकटीने जायचं ते तुम्ही ठरवा, पण तुम्ही एकट्या गेलात तरी तिथे जायचा हक्क तुम्हाला आहे असं मी मनापासून सांगते.

आणखी एक. "शिवडीला पुरलं" हे आईला नंतर कोणीतरी सांगितलंय. मध्य मुंबईतल्या कॅथलिक घरांसाठी वरळीची सिमेट्री पण होती, जुनी माणसं तिला हेन्स रोड म्हणतात. पॅरिशच्या नोंदीत हेन्स रोड निघालं तर चक्रावून जाऊ नका, म्हणूनच आधी चर्च आणि मग सिमेट्री हा क्रम सांगितला.

आता जे सांगायला जड जातंय ते सांगते, कारण ते तुम्हाला तिथे ऐनवेळी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. तुम्हाला नावाचा दगड दिसला नाही याचं कारण बहुधा तुमची नजर चुकली हे नाही, दगड कधी बसलाच नसेल हे आहे. परमनंट कबर ज्यांच्या घराण्याची असते त्यांचीच संगमरवरी नावं राहतात. काका बाप्टिस्टा शिवडीला आहेत, टिळकांचे सहकारी, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. व्हीटी स्टेशन बांधणारे स्टीव्हन्स तिथेच आहेत. अशा कबरी कोणीही दाखवेल. पण साध्या नोकरदार घरातला तरुण मुलगा गेला तर त्याला टेम्पररी कबर मिळते, लाकडी क्रूस, वर नंबर. काही वर्षांनी ती जागा दुसऱ्याला देतात. त्याआधी घरच्यांना बोलावून अस्थी काढतात आणि घरच्यांनी व्यवस्था केली तर भिंतीतल्या निशमध्ये, म्हणजे छोट्या कोनाड्यात, ठेवतात, कोणी आलंच नाही तर सगळ्यांच्या एकत्र जागेत जातात. मुंबईत जमीनच नाहीये, त्यात कोणाची दुष्टबुद्धी नसते, तरी पहिल्यांदा ऐकताना पोटात खड्डा पडतो हे मला माहीत आहे.

तेव्हा रजिस्टरमध्ये नंबर सापडला की लगेच पुढचा प्रश्न विचारा, अस्थी काढल्या का, कधी काढल्या, निश घेतली का आणि कोणाच्या नावावर. आजीआजोबा तेव्हा हयात असतील तर त्यांनी निश घेतली असण्याची बरीच शक्यता आहे, आणि मग तिथे मामासोबत तेही भेटतील. भिंतीवरच्या त्या छोट्या पाट्या तुम्ही मागच्या दोन्ही वेळी वाचल्या होत्या का? बरेच जण जमिनीवरचे दगड वाचतात आणि भिंतीकडे बघतच नाहीत.

माझ्या आजीचं सांगते. आमचं घर मराठी प्रोटेस्टंट, आजी मी जन्मायच्या आधीच गेलेली, शिवडीलाच. वडिलांना जागा आठवत होती, "पाण्याच्या नळाजवळ, भिंतीपासून थोडं आत". मी गेले तोपर्यंत नळ हलला होता. चार चकरा झाल्या, शेवटी एका जुन्या पावतीवरून तारीख मिळाली आणि नंबर निघाला, तरी नंबर म्हणजे जागा नाही ना, कारण अध्येमध्ये नंबराचे दगडच उरलेले नसतात. तिथे कबर खणणारे एक वयस्कर मामा होते, त्यांनी वाचता येणारे दोन नंबर धरले आणि मधली पावलं मोजत गेले, मोजताना बोलत नव्हते, मग एका जागी थांबून चप्पल काढली आणि म्हणाले, ही तुमची. दोन संगमरवरी कबरींच्या मध्ये गवताचा पट्टा, हात पसरला तर दोन्हीकडे टेकेल एवढाच. वडील खाली बसले आणि कितीतरी वेळ त्यांनी गवतावर हात ठेवला होता. म्हणून म्हणते, ऑफिसमधलं काम झालं की खणणाऱ्या माणसांना विचारा, नाव विचारू नका, नंबर सांगून रांग विचारा.

आईला न्यायचं तर २ नोव्हेंबरला ऑल सोल्सच्या दिवशी पहिल्यांदाच नेऊ नका, त्या दिवशी सगळी मुंबई फुलं आणि मेणबत्त्या घेऊन तिथे असते, ८२ व्या वर्षी त्या गर्दीत उभं राहणं होणार नाही. पावसानंतर गवत कापलेलं असतं तेव्हा, साध्या वारी, सकाळी लवकर. आणि जागा आधी तुम्ही पक्की करून मगच तिला न्या, तिला शोधायला लावू नका.

प्रश्न: अस्सलामु अलैकुम, नमस्कार. आम्ही कोकणातले, रत्नागिरीकडचे, आता मुंब्र्याला. माझे नाना १९९१ मध्ये वारले, मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात दफन. कबर कच्ची होती, मामूंनी निशाणी म्हणून शेजारचं झाड लक्षात ठेवलेलं. मामू गेले, आता मी गेलो तर त्या बाजूला तसं झाडच नाही. शबे-बरातला जातो तेव्हा अंदाजाने उभा राहून फातेहा पढतो, पण मनात येतं की दुसऱ्याच कोणाच्या कबरीवर उभा आहे.
– एक वाचक, मुंब्रा

उत्तर: भाऊ, तुमची हुरहुर समजते, पण अंदाजाने उभं राहून पढलेलं वाया गेलं असं मनात आणू नका. मोहम्मद रफींचं उदाहरण बघा. जुहूच्या कब्रस्तानात रफींची आणि मधुबालाची पक्की कबर होती, २०१० मध्ये नव्या मय्यतींना जागा हवी म्हणून ती बांधकामं काढली. एवढा मोठा माणूस, पण त्यांच्या चाहत्यांनी जवळचं नारळाचं झाड धरून ठेवलं आणि जन्मदिवसाला आणि ३१ जुलैच्या बरसीला ते त्या झाडाच्या खुणेने जमतात. म्हणजे झाडाची निशाणी ही तुमच्या मामूंचीच नाही, जगभरातून येणाऱ्या माणसांची पण तीच आहे.

तरीपण तुमच्यासाठी शोध संपलेला नाही. बडा कब्रस्तान हे जुमा मशिदीच्या ट्रस्टकडे आहे, तिथल्या ऑफिसात तारखेने विचारा. १९९१ म्हणजे काही फार जुनं नाही. नानांचं नाव वडिलांच्या नावासकट सांगा, कारण त्या काळच्या नोंदीत आडनाव कधी गावाचं, कधी घराण्याचं, कधी नाहीच, बापाचं नाव मात्र सहसा असतं. आणि एक आवर्जून विचारा, दफन आम जागेत झालं होतं की एखाद्या ओट्यात, म्हणजे राखून ठेवलेल्या भागात. काही घराण्यांचे, जमातींचे ओटे असतात, तसा असेल तर जागा बरीच आकसते आणि त्याच ओट्यातल्या दुसऱ्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर आठवत असतं की अमक्याच्या शेजारी तमका.

तुमच्या गावच्या जमातीचे मुंबईतले लोक असतीलच. कोकणी जमातींमध्ये मय्यत झाली की गाववाल्यांना निरोप जायचा, वर्गणी निघायची, तो हिशेब वहीत असायचा. कब्रस्तानात काही मिळालं नाही तर या वह्या बघा, निदान तारीख तरी पक्की होते. आणि मय्यतीला खांदा दिलेलं जे कोणी आज सत्तरीत असेल त्याला एकदा गाडीत घालून घेऊन जा. फोनवर विचारलं तर "गेटमधून आत, उजवीकडे" एवढंच सांगतात, पण तिथे नेऊन उभं केलं की पाय आपोआप चालायला लागतात, हे मी पाहिलंय.

प्रश्न: माझ्या प्राथमिक शाळेतल्या बाई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू होत्या, अस्सल मराठी बोलायच्या, अलिबागकडच्या. १९७७-७८ च्या सुमारास वारल्या. त्यांचं कोणी इथे राहिलेलं नाही, सगळे इस्राएलला गेले. मी त्यांची कोणी लागत नाही, फक्त विद्यार्थिनी. तरी शोधू शकते का?
– एक निवृत्त शिक्षिका, गिरगाव

उत्तर: का नाही, जरूर शोधा! लागत नाही असं कसं म्हणता, त्यांनी तुम्हाला अक्षरं शिकवली.

मुंबईत ज्यू दफनभूमी दोन मुख्य लक्षात ठेवा, वरळीची आणि चिंचपोकळीची. चिंचपोकळीची १८७८ मध्ये ससून घराण्यातल्या एलियास डेव्हिड ससून यांनी आपल्या मुलाच्या आठवणीत दिली, ती मुख्यतः बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या ज्यूंची. तुमच्या बाई बेने इस्राएल, म्हणून आधी वरळी, डॉ. ई. मोझेस रोडला. ज्यांच्या नावाचा रस्ता ते डॉ. मोझेस पण बेने इस्राएलच, १९३७-३८ चे मुंबईचे महापौर. त्याआधी बेने इस्राएलांच्या सिनगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनास्थळात विचारा, मशीद बंदरची शाआर हारहमीम १७९६ ची, मुंबईतली सगळ्यात जुनी. समाज आता छोटा उरलाय त्यामुळे एकमेकांची माहिती असते, "पेणकरांची मुलगी, रोह्याला दिलेली" असं सांगितलं तरी कोणीतरी ओळख काढतं. बाईंचं माहेरचं आणि सासरचं दोन्ही आडनावं न्या.

दगडावर तिथे हिब्रू, इंग्रजी आणि आपली मराठी अशा तिन्ही लिप्या दिसतात. इंग्रजी तारीख झिजलेली असेल तर हिब्रू साल कामाला येतं. ज्यू सालातून ३७६० वजा केले की आपलं साल येतं, फक्त त्यांचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं त्यामुळे पहिले काही महिने एक वर्ष मागे धरायचं. बाई १९७८ च्या उन्हाळ्यात गेल्या असतील तर ५७३८. बऱ्याचदा वरचे पाच हजार लिहितच नाहीत, नुसतं ७३८, तेही हिब्रू अक्षरांत, म्हणून ती अक्षरं कोणाकडून तरी आधी कागदावर लिहून घेऊन जा.

अक्षरं लागत नसतील तर खडू घासू नका, तारेचा ब्रश नको, ॲसिड तर अजिबात नको, दगड कायमचा जातो. साधं पाणी शिंपडायचं आणि फोनचा टॉर्च दगडाला चिकटवून आडवा धरायचा, बाजूने उजेड पडला की खोदलेल्या अक्षरांत सावली भरते आणि वाचता येतं. आणि ज्यू लोकांत कबरीवर फुलांपेक्षा छोटा दगड ठेवायची रीत आहे, तुम्ही येऊन गेलात याची खूण म्हणून. अलिबागच्या किनाऱ्यावरचा एखादा खडा नेलात तर बाईंना त्यांच्या गावचा मिळेल.

प्रश्न: माझा पाठचा भाऊ १९६२ मध्ये चार दिवसांचा होऊन गेला, परळला. बारसं पण झालं नव्हतं. वडील आणि काका कुठेतरी पुरून आले, आईला त्यांनी कधीच सांगितलं नाही. आई गेली तेव्हा तिच्या पेटीत एक टोपडं सापडलं. काही शोध लागू शकेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: दादा, जागा सापडणार नाही. आपल्याकडे एवढ्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात, वर काही ठेवत नाहीत, त्यामुळे खूण राहत नाही. पण नोंद सापडू शकते. १९६९ च्या कायद्याच्या आधीसुद्धा मुंबईत महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याखाली जन्म-मृत्यूची नोंद व्हायची, त्यामुळे परळच्या वॉर्डात, म्हणजे एफ साउथमध्येच, १९६२ चा शोध मागा. बाळाच्या नावाने शोधू नका, नाव नाहीये. वडिलांच्या नावाने शोधा, "अमुकचा मुलगा, वय ४ दिवस" असंच लिहिलेलं असेल. जन्माची आणि मृत्यूची अशा दोन्ही रजिस्टरांत बघायला सांगा, बऱ्याचदा एकातच असते. महिना माहीत नसेल तर तुमचं स्वतःचं वय तेव्हा किती होतं, तुम्हाला त्या दिवसांत कोणाकडे ठेवलं होतं, शाळा होती की सुट्टी, हे आत्या-मावशीपैकी कोणी असेल तर विचारा, त्यावरून दोन-तीन महिन्यांत आणता येईल. ओळ सापडली तर उतारा नक्की घ्या, आणि तो त्या टोपड्याबरोबर ठेवा.